बेडोजच्या शेजारची जागा

पिटहिल, हेरफर्डशायर
१४ ऑक्टोबर १९५६

ती. वॉल्टरदादास,
इडिथचा कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि वहिनीनं विणलेले मोजे एकाच दिवशी पोचले. मोजे ऊबदार आहेत, पण उजवा डाव्यापेक्षा बोटभर लांब आहे. तिला म्हणावं, नणंदेचे पाय अजून सारख्या मापाचे आहेत.

इकडची खुशाली म्हणजे रानपारव्यांची खुशाली. सशांची साथ आली, ससे संपले, आणि आता सगळा कोबी पारव्यांचा झाला आहे. सकाळी थवा उठतो तेव्हा अख्खं शेत उचलून नेल्यासारखं वाटतं. खाली उरतात ते नुसते दांडे.

आता कामाचं. मला एक कुत्रा हवा आहे. तुझ्याकडच्या यंदाच्या काळ्या पिल्लांपैकी एखादं, बंदुकीच्या आवाजाला न बुजणारं. तू म्हणशील, जुनो गेली तेव्हा तूच म्हणालीस की या घरात पुन्हा कुत्रं नको. म्हणाले होते खरी. पण फेब्रुवारीतल्या शनिवारी पारवे वस्तीला येतात तेव्हा सारा गाव पिटहिलच्या रानात बंदुका घेऊन उभा राहतो, आणि ज्याच्याजवळ कुत्रा नाही त्याला कुंपणाकडची, कुणाला नको असलेली जागा मिळते. मला मधली जागा हवी आहे. लायनेल बेडोजच्या शेजारची.

तू रूबेनच्या अंत्यविधीला आलास तेव्हा तुला धड काही सांगता आलं नाही. आज सांगते. रूबेन छातीच्या दुखण्यानं अंथरुणावर होता म्हणून त्या शनिवारी जुनोला घेऊन मी गेले. जुनो माझ्या बुटाला टेकून बसली होती. फांद्यांखालून एक पारवा गेला, बेडोजनं बंदूक फिरवली ती खाली आणूनच. खाली उडणाऱ्या पाखरावर बार टाकायचा नाही, हे या गावात दात यायच्या आधी शिकवतात. छर्रे जुनोला लागले. माणसं गोळा झाली तेव्हा हा सांगतो, कुत्री सुटून मध्ये धावली, बाईमाणसाच्या हाती कुत्रं दिलं की असंच व्हायचं. मध्ये हॉलीच्या काटेरी झुडपांची जाळी होती, दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. त्याचं खरं ठरलं.

तेवढ्यावर थांबला असता तरी मी गिळलं असतं. पण दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात धारा काढत असताना हा आमच्या माडीवर गेला आणि रूबेनच्या उशाशी बसून तेच सांगून आला. जुनोला रूबेननं तीन वर्षं शिकवलं होतं. मी वर जाऊन खरं सांगायला लागले, तर त्यानं हात वर केला, म्हणाला, इडिथ, तो विषय संपला, आणि भिंतीकडे तोंड केलं. पुढे अकरा दिवसांनी गेला. माझा नवरा आपल्या कुत्रीनं आपल्याला खाली पाहायला लावलं असं समजून गेला, दादा.

म्हणून कुत्रा हवा.

गुडघा जपावा. माया आहे तशीच राहू दे, हे सांगायला नको.
तुझी,
इडिथ


हॉकहोप, नॉर्थम्बरलंड
५ नोव्हेंबर १९५६

चि. इडिथ हिस,
अ. उ. आ.

उद्याच्या सकाळच्या गाडीनं मॉस निघतो आहे. दहा महिन्यांचा आहे. आज स्टेशनावर नेऊन गार्डला त्याचं नाव लिहून दिलं आहे आणि गार्डनं त्याला माझ्यादेखत निम्मा पाव खाऊ घातला, तेव्हा उपाशी आलो असा चेहरा करून उतरला तर विश्वास ठेवू नकोस.

हा हुशार आहे, पण उतावळा आहे. म्हणजे तुझ्या माहेरचाच. त्याला आधी बसायला शिकव, धावणं तो आईच्या पोटातूनच शिकून आला आहे. जुन्या मोज्यात चिंध्या भरून फेक, आणि प्रत्येक फेकीला सोडू नकोस. तीनदा फेकलंस तर दोनदा स्वतः जाऊन उचल, त्याला नुसतं बघू दे. बार झाला की त्यानं नळीच्या रोखानं वर पाहायला हवं, पाखरू कुठे पडतंय ते डोळ्यांत धरायला हवं, आणि तुझा शब्द येईपर्यंत शेपटीखेरीज काही हलवायचं नाही. वहिनी म्हणते, मोजा लांब निघाला तो या कामासाठीच निघाला असेल.

बेडोजबद्दल वाचून रात्रभर जळफळलो. पण बये, तुला मी लहानपणापासून ओळखतो. शेजारच्या पोरानं तुझी बाहुली विहिरीत टाकली तेव्हा तू सहा महिने गप्प होतीस, आणि मग त्याच्या सायकलीचं काय झालं ते आख्ख्या वाडीनं पाहिलं. मॉस सायकल नाही, एवढं ध्यानात ठेव.

जिवाला जप. आमचा आशीर्वाद पाठीशी आहेच.
तुझा,
वॉल्टर


पिटहिल
३० डिसेंबर १९५६

ती. वॉल्टरदादास,
कृ. सा. न. वि. वि.

नाताळ झाला. एकटीपुरतं बदक कशाला म्हणून कणकेच्या पारीत पारव्यांचंच मांस भरून भाजलं, त्यातलं निम्मं मॉसनं खाल्लं. गुन्हेगार म्हणून कोपऱ्यात उभा राहिला, पण जीभ ओठांवरून फिरतच होती.

बसायला शिकला. शेतात पारव्यांना भुलवायला लाकडी पारवे मांडून मी झुडपाआड बसते, तेव्हा तासतासभर माझ्या पायाशी असतो. पहिला खरा पारवा मात्र त्यानं तोंडात धरला आणि लगेच थुंकला. रानपारव्याची पिसं कशी सुटतात ठाऊक आहे तुला, नुसता स्पर्श झाला की मूठभर हातात. बिचाऱ्याच्या जिभेवर, टाळ्यावर पिसंच पिसं. आठवडाभर पारवा दिसला की तोंड फिरवायचा. मग मी एका पारव्याला रूबेनचा जुना मोजा चढवला आणि रोज थोडा थोडा मागे सरकवला. आता पिसांसकट आणतो. तोंडाला मिशा फुटल्यासारखा दिसतो, पण आणतो.

पेट्रोलवर पुन्हा रेशन आलं आहे. गावात सगळे सायकलीवर. मी गाडी फारशी काढतच नाही, म्हणून माझ्या टाकीत आहे.

जागांची यादी पाद्रीबाबा करतात. त्यांना मी मॉसचं काम दाखवलं, ते खूश झाले. सोळा फेब्रुवारीला मला मोठ्या ओकखालची जागा मिळाली. डाव्या हाताला पंचवीस पावलांवर बेडोज, उजव्या हाताला स्वतः पाद्रीबाबा. मधली हॉलीची जाळी मी परवा कोयत्यानं साफ केली. आता ओकखालून बेडोजची जागा बुटांपर्यंत दिसते, आणि पाद्रीबाबांनाही ती दिसते. वारा पश्चिमेचा असला तर पारवे डोक्यावरून येतील, उत्तरेचा असला तर आमच्या दोघांच्या मधून, खालून. उत्तरेचा असावा असं वाटतं. बेडोजला खालचं पाखरू सोडवत नाही. दारूच्या दुकानात तो अजून सांगतो म्हणे, की रूबेन प्रॉसरची कुत्री त्याच्या बायकोसारखीच बेलगाम होती. आणि लोक हसतात.

नवं वर्ष तुम्हा दोघांना सुखाचं जावो. आठवण ठेवतोस तशीच ठेव.
इडिथ


हॉकहोप
९ जानेवारी १९५७

चि. इडिथ हिस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. कुत्र्याबद्दल एक परिच्छेद, आणि वारा, जाळी, पावलं यांबद्दल त्याहून मोठा. मी आयुष्यभर कुत्री शिकवली, सापळे मात्र लावले नाहीत. पण सापळा दिसला की कळतो.

तू बेडोजच्या समोर पाखरू पाडणार. मॉसला आणायला सोडणार. आणि उत्तरेचा वारा खालून दुसरं पाखरू आणील अशी वाट बघणार. खरं की खोटं, एवढंच लिही.

बाकी सगळं ठीक. वहिनीला खोकला आहे. उत्तराची वाट पाहतो.
वॉल्टर


पिटहिल
१ फेब्रुवारी १९५७

ती. वॉल्टरदादास,
कृ. सा. न. वि. वि.

खरं.

वहिनीला गरम दुधात कांद्याचा रस दे, आई द्यायची तसा.

तू विचारणार की छर्रे मॉसला लागले तर. लागले तर लागले. जुनोलाही लागलेच. फरक इतकाच की यंदा पाद्रीबाबा बघत असतील, आणि या गावात पाद्रीबाबांनी पाहिलेलं कुणी खोटं पाडत नाही. मग तो पुन्हा कुणाच्याही शेजारी बंदूक घेऊन उभा राहणार नाही. दुकानात तोंड वर करून बोलणार नाही. लोक हसतील ते त्याला हसतील. मला त्याचा जीव नको, त्याचं तोंड बंद व्हायला हवं आहे, आणि तेही सगळ्यांसमोर.

मॉस आत्ता माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला आहे. म्हणून पाय हलवत नाही. म्हणजे मला माया नाही असं समजू नकोस.

रागावलास तरी तुटू नकोस.
इडिथ


हॉकहोप
५ फेब्रुवारी १९५७

इडिथ,

आशीर्वाद या पत्रापुरता मागे ठेवतो. मॉसला पहिल्या गाडीनं परत पाठव. बेडोजनं तुझी कुत्री निष्काळजीपणानं मारली. तू माझा कुत्रा विचार करून मारायला निघाली आहेस. दोघांत वाईट कोण, ते रूबेनला विचार.

वॉल्टर


पिटहिल
१८ फेब्रुवारी १९५७

ती. वॉल्टरदादास,
कृ. सा. न. वि. वि.

मॉसला पाठवलं नाही. तो जिवंत आहे, धडधाकट आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू बसून वाचशील.

शनिवारी वारा उत्तरेचा होता. तीनला सगळे आपापल्या झाडाखाली गेले. चेहरा वर केला की पारव्यांना तो ताटासारखा चमकताना दिसतो, म्हणून मी रूबेनची टोपी भुवयांपर्यंत ओढली. साडेतीनपासून ते यायला लागले, आधी दोन, मग वीस, मग आभाळभर. पहिले तीन मॉसनं आणले, एकही दात न लावता.

सव्वाचारला मी पाडलेला पारवा बरोबर मला हवा तिथे पडला, माझ्या आणि बेडोजच्या मधोमध. मॉस थरथरत माझ्याकडे पाहत राहिला. त्याच वेळी फांद्यांखालून दुसरा येताना मला दिसला, आणि बेडोजलाही. फक्त एक शब्द बोलायचा होता. तो ओठांवर होता, दादा. पण माझा हात खाली गेला आणि मॉसच्या मानेवर बसला. तुझं पत्र आठवलं म्हणून गेला असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, पण काही आठवलं नव्हतं. मान गरम होती, एवढंच.

बेडोजनं मात्र आपल्या कुत्र्याला, ड्यूकला, सोडलं होतं, माझा पारवा उचलायला. दुसऱ्याच्या पाखरावर कुत्रा सोडायची त्याची सवय जुनीच. सोडला, आणि विसरला. बंदूक खाली आली, बार झाला, आणि ड्यूक ओरडला.

माणसं धावली. ड्यूकची मागची मांडी फाटली होती. बेडोज गुडघ्यांवर बसून त्याला धरत होता आणि तोंडानं म्हणत होता, मध्ये धावला, मध्येच धावला. पाद्रीबाबा हळूच म्हणाले, लायनेल, तू स्वतः सोडलास त्याला, मी पाहिलं.

गुरांचे डॉक्टर सात मैलांवर. सगळे सायकलीवर आलेले, गाडी एकटी माझी. बेडोज ड्यूकला उचलून माझ्या गाडीपाशी आला. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, आधी जुनोचं सांग. त्यानं विचारलं, बाई, आत्ता? मी म्हटलं, आत्ताच, आणि मोठ्यानं. रक्त त्याच्या कोपरावरून माझ्या बुटांवर पडत होतं. पाद्रीबाबा म्हणाले, इडिथ, देवासाठी. मी हलले नाही. मग त्यानं सांगितलं, नऊ माणसांसमोर. की जुनो हलली नव्हती. बाईच्या बुटाशी बसली होती. मी खाली बार टाकला. मी खोटं बोललो, आणि रूबेनपाशीही खोटंच बोललो. सांगताना रडत होता, पण ते कुत्र्यासाठी.

मग मी दार उघडलं आणि गाडी अशी हाकली की तशी कधी हाकली नव्हती. ड्यूक वाचला. पाय गेला. दोन मिनिटं लवकर आणला असता तर पाय राहिला असता का, असं डॉक्टरांना मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते नाही म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणताना माझ्याकडे बघत नव्हते.

मला जे हवं होतं ते मिळालं. काल चर्चमधून बाहेर पडताना दुकानवाला टोपी काढून म्हणाला, जुनो गुणी कुत्री होती हो. वर्षभर मी याच शब्दांसाठी तळमळत होते. ऐकले, आणि घरी येऊन कोबीला पाणी घातलं.

अजून रागावला असशील तर तसंच लिही. पण लिही.
इडिथ


लोअर मीडो
३ मार्च १९५७

श्रीमती प्रॉसरबाई यांस,
लायनेल बेडोजचा सा. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

ड्यूक तीन पायांवर अंगणात फिरतो. तुम्ही गाडी नेलीत त्याबद्दल उपकार मानतो. त्याआधी जे केलंत त्याबद्दल मानत नाही, पण तक्रारही करत नाही. तुमच्या जागी मी असतो तर दारच उघडलं नसतं.

एक गोष्ट त्या दिवशी सांगितली नाही, कारण ती चार लोकांत सांगायची नव्हती. मी रूबेनच्या उशाशी गेलो होतो तेव्हाची. तुम्हाला वाटतं त्यानं माझं खरं मानलं. नाही मानलं. मी बोललो, त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, लायनेल, जुनो माझ्या नाहीतर इडिथच्या शब्दाशिवाय आग लागली तरी उठायची नाही, तेव्हा तू खोटारडा आहेस. मी उठायला लागलो तर मनगट धरलं. इतका आजारी, पण धरलं ते सुटेना. म्हणाला, मी इडिथपुढे असं दाखवीन की तुझं मला पटलं. विषय बंद करीन. तिला कळलं की मलाही ठाऊक आहे, तर आम्ही दोघं मिळून त्यावर बोलू, आणि बोलता बोलता तिचा राग पिकेल. मी असतो तर तिला अडवलं असतं. मी असणार नाही. ती एके दिवशी बंदूक घेऊन तुझ्यासमोर उभी राहील, आणि तुझं काय व्हायचं ते होवो, पण मी गेल्यावर माझ्या बायकोला तुरुंगात घातलेलं मला चालायचं नाही. तू फक्त एक कर, ही गोष्ट गावात पुन्हा काढू नकोस.

तेवढंही मी पाळलं नाही. दुकानात बोलत राहिलो. न बोलावं तर लोकांना संशय येईल असं वाटायचं.

क्षमा मागत नाही, कारण ती तुम्ही देणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण तो माझ्या शब्दानं मान खाली घालून गेला नाही, एवढं तुम्हाला कळायला हवं होतं.

शेजारपण उरलं असेल तेवढं राहो.
आपला,
लायनेल बेडोज


पिटहिल
१० मार्च १९५७

ती. वॉल्टरदादास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. आशीर्वाद पुन्हा सुरू केलास, बरं वाटलं. वहिनीचा खोकला गेला हे ऐकून त्याहून बरं वाटलं.

सोबत बेडोजचं पत्र पाठवते. वाचून परत कर, फाडू नकोस. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. मग रूबेनचा असा राग आला की जिवंत असता तर घरात भांडी उडाली असती. अकरा दिवस मी त्याची उशी फिरवली, त्याला चमच्यानं पेज भरवली, आणि हा माणूस सगळं जाणून भिंतीकडे तोंड करून पडला होता. मला वाटलं त्याला लाज वाटते. त्याला भीती वाटत होती, आणि ती माझी. चार दिवस मी फणफणत होते, की बत्तीस वर्षं संसार करून यानं मला काय ओळखलं. मी काय माणूस मारणारी आहे?

म्हणून आता तुला ते सांगते जे मागच्या पत्रात लिहिलं नाही.

ड्यूक ओरडला आणि बेडोज बंदूक टाकून त्याच्याकडे धावला. माझ्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसला. पंचवीस पावलं. जाळी मीच तोडलेली. बाकीचे अजून पोचले नव्हते, पाद्रीबाबा काट्यांतून वाट काढत होते. माझी बंदूक खांद्याला लागलेली होती. कधी लागली ते मला माहीत नाही. दुसऱ्या नळीत काडतूस होतं, आणि नळीच्या टोकावर त्याचा तपकिरी कोट होता, आणि मी श्वास रोखला होता, पाखरावर रोखतो तसा.

मग माझी नजर खाली गेली. मॉस जागचा हलला नव्हता. तू सांगितलं होतंस तसा नळीच्या रोखानं पाहत होता. बेडोजकडे. कान पुढे, शेपूट पानांवर हळूहळू आपटत, तो पडायची वाट बघत होता, म्हणजे जाऊन आणता येईल.

मी बंदूक बिजागरीपाशी वाकवून उघडली, काडतूस काढून चिखलात टाकलं, आणि चालत गेले.

बेडोजला उत्तर लिहिलेलं नाही. लिहीन असं वाटत नाही. तू मात्र लिही, आणि माझ्यावरची माया या पत्रानं कमी झाली असेल तर तसं मोकळेपणानं कळव.

तुझी बहीण,
इडिथ